मोरीचं पाणी आणि नियमांचं पुस्तक

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण पोटगी, रेशनकार्ड आणि घर बाईच्या नावावर करणं याबद्दल बोललो. जेवणानंतरच्या पेंगेच्या वेळी माझ्या वाट्याला विषय आला आहे 'सांडपाण्याचा पुनर्वापर आणि पावसाचं पाणी साठवणं : शहरातले नियम'. मघाशी ताटं धुताना एकीने विचारलं, "ताई, हे इंजिनिअर लोकांचं ना? आपण काय करायचं त्यात?" मीही इंजिनिअर नाही. गेली बावीस वर्षं मी वस्त्यांमधल्या बचतगटांबरोबर काम करते, आणि राहते मात्र चौसष्ट बिऱ्हाडांच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. त्या सोसायटीच्या कमिटीत मी तीन वर्षं होते. या दोन्ही ठिकाणी पाण्याने मला काय शिकवलं आणि कुठे तोंडघशी पाडलं, तेवढंच सांगते.

माझ्या आजीच्या घरी मोरीचं पाणी परसात अळवाला आणि केळीला जायचं. तांदळाचं धुवण म्हशीला. पावसाळ्यात पागोळ्यांखाली घंगाळ, बादल्या, घागरी, सापडेल ते भांडं लावायचं आणि त्या पाण्याने धुणं व्हायचं. तुमच्यातल्या निम्म्याजणींच्या घरी हेच असेल. आता याच गोष्टीला 'ग्रे वॉटर' आणि 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' म्हणतात, त्याची चर्चासत्रं होतात आणि व्यासपीठावर पुरुष बसतात. पण मला आजीचे गोडवेही गायचे नाहीत. ते पाणी मुळात तिने शेंदून आणलेलं असायचं, म्हणून ते सांडायला तिचा जीव होत नसे. आणि त्या विहिरीवर गावातल्या सगळ्या बायकांना येऊ दिलं जात नव्हतं. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, त्यानंतरही कितीतरी वर्षं नव्हतं. तेव्हा 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असं कुणी म्हणालं, की कोणाच्या डोक्यावरच्या हंड्याबद्दल चाललंय, असं मी विचारते.

आता नियम. मुंबईत १ ऑक्टोबर २००२ पासून १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जमिनीत जिरवण्याची सक्ती झाली. २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आणली. मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू झाली. तिला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली म्हणतात. तिच्यात ही सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना आहे, आणि बसवलेली यंत्रणा नीट ठेवली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी करता येते. सांडपाण्याच्या पुनर्वापराची सक्ती आहे ती आणखी मोठ्या संकुलांना. केंद्र सरकारने २०१६ साली राज्यांसाठी नमुना म्हणून जे बांधकाम नियम काढले, त्यांत पावसाच्या पाण्यासाठी १०० चौरस मीटरचा भूखंडही पुरेसा धरला आहे, आणि रोज १०,००० लिटर सांडपाणी सोडणाऱ्या इमारतीने ते शुद्ध करून पुन्हा वापरावं असं म्हटलं आहे. तमिळनाडूने तर २००३ साली वटहुकूम काढून जुन्या-नव्या, सरकारी-खाजगी सगळ्याच इमारतींना पावसाच्या पाण्याची सक्ती केली. मुदत दिली काही आठवड्यांची, नाहीतर नळ तोडू अशी तंबी. एवढं करूनही २०१९ च्या जूनमध्ये चेन्नईचे तलाव कोरडे पडले. पाऊस कमी झाला होता हे खरं. पण एकदा बांधलेला खड्डा दर वर्षी उपसायचा असतो, हे वटहुकुमात लिहून भागत नाही.

एवढ्या सगळ्या नियमांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे भूखंड. ज्याच्याकडे भूखंड आहे त्याच्यापासून नियम सुरू होतो. दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत राहणारी बाई या पुस्तकात कुठेच नाही. तिच्यावर सक्ती नाही म्हणून आनंद मानायचा, की तिचा पाऊस कुणी मोजतच नाही म्हणून चिडायचं?

फळ्यावर तीन आकडे लिहिते. १३५, ४५ आणि ४०. ज्या शहरात गटारव्यवस्था आहे तिथे माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असा आपल्या देशातला नियोजनाचा निकष आहे. त्यातले ४५ लिटर संडासात ओतण्यासाठी धरलेले असतात. आणि जिथे सार्वजनिक नळावर पाणी भरतात, तिथे निकष आहे माणशी ४० लिटरचा. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, भांडी, पाळीचे दिवस, बाळंतपण, आजारपण, सगळं त्या ४० लिटरमध्ये. म्हणजे इमारतीतला माणूस जेवढं शुद्ध केलेलं पाणी नुसतं संडासात ओतेल असं कागदोपत्री धरलेलं आहे, त्यापेक्षा कमी पाण्यात वस्तीतल्या बाईने दिवस काढावा, असं आपलं नियोजन सांगतं. आणि हा झाला कागद. प्रत्यक्षात ४० तरी मिळतं का, ते तुम्ही मला सांगा. मुंबईत तर १९९५ नंतरच्या, पुढे २००० नंतरच्या झोपड्यांना पाणीच द्यायचं नाही असं धोरण होतं. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

म्हणून 'पाणी पुन्हा वापरा' हा उपदेश वस्तीत कुणी करायला आलं, की मला राग येतो. वस्तीतली बाई कपडे विसळलेलं पाणी संडासला नेते, भाजी धुतलेलं पाणी फरशीला वापरते. तिच्याकडे पाणी दुसऱ्यांदा वापरायला उरतंच किती? हा उपदेश करायचा तर त्या ४५ लिटरवाल्यांना करायला हवा.

मी त्या ४५ लिटरवाल्यांपैकीच एक आहे. आमच्या घरी धुण्याचं यंत्र आलं, तेव्हा एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं हे पाहून मी त्याची नळी एका पिंपात सोडली. ते पाणी संडासाला आणि फरशीला वापरायचं. सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, चार घरांनी माझं पाहून तसंच केलं, मला फार बरं वाटलं. दोन महिन्यांनी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पाणी तुमचं वाचतं खरं, पण उचलतंय कोण?" रोज आठ-दहा बादल्या त्या पिंपातून काढून न्हाणीघरात, संडासात नेत होत्या. माझ्या घरी, आणि माझं ऐकून ज्यांनी पिंप ठेवलं त्यांतल्या आणखी दोन घरी. पगार तोच. आणि त्यांच्या स्वतःच्या वस्तीत एक दिवसाआड पहाटे साडेचारला पाणी येतं, तेव्हा त्या रांगेत असतात. बाईच्या श्रमांवर मी इतकी शिबिरं घेतली, भिंतीवर तक्ते लावले, आणि माझ्याच मोरीत हे चाललेलं मला दिसलं नाही. मग आम्ही ठरवलं, पाणी घरातल्यांनी उचलायचं. नवऱ्याने पंधरा दिवस उचललं, मुलाने चार. सोळाव्या दिवशी नवरा स्वतःच प्लंबरला घेऊन आला आणि पिंपातून संडासाच्या टाकीपर्यंत छोटा पंप आणि नळी बसली. (हशा) हसू नका, यंत्रं अशीच लागतात!

आता सोसायटीची गोष्ट. आमच्या इमारतीला पावसाचं पाणी जिरवण्याची यंत्रणा आहे असं कागदावर होतं आणि त्यावर आम्ही घरपट्टीत सवलतही घेत होतो. सवलत अनेक महापालिका देतात. पुण्यात अशी एक योजना असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट आहे. मी कमिटीत गेले त्या वर्षी मे महिन्यात प्लंबरला सांगितलं, गच्चीवरून खाली येणारा पाइप कुठे जातो ते बघ. त्याने बांबू घातला. पाइप फरशीखाली वळून सरळ रस्त्याच्या गटारात गेला होता. ज्याला शोषखड्डा म्हणत होते त्यात बिल्डरचा राडारोडा भरलेला होता आणि त्याला कुठूनच पाणी येत नव्हतं. आमची गच्ची ८०० चौरस मीटरची. आमच्याकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी साडेचार लाख लिटर पाणी होतं. इतकी वर्षं ते गटारात गेलं आणि आम्ही सवलत खाल्ली. सभेत मी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाहेर कुणाला कळलंय का?"

ती दुरुस्ती आम्ही केली. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची वेगळी तोटी, मग गोटे-वाळूची गाळणी, मग टाकी, आणि टाकी भरली की उरलेलं खड्ड्यात. पण त्याच सभेत मी न्हाणीघरांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेला देण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा खरी गंमत झाली. खर्चावर कुणी बोललं नाही. एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, "बागेत तुळस आहे, दूर्वा आहेत. न्हाणीघरात बायकांचं सगळंच असतं. ते पाणी देवाच्या झाडांना कसं घालायचं?" सभेत चाळीस माणसं होती, त्यांत पंधरा बायका. सगळ्या खाली बघायला लागल्या. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, क्षणभर गप्प झाले. इतकी वर्षं पाळीवर मोकळेपणाने बोला म्हणून सांगणारी मी!

बोलल्या त्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या सत्तरीच्या आजी. त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "पाण्यातून रोग पसरतो तो शौचातून. पाळीचं काय घेऊन बसलात? नातवाचे लंगोट कुठे धुता ते आधी आपापल्या घरी विचारा." त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं तेच या विषयातलं शास्त्र आहे. संडासाचं पाणी वेगळं आणि न्हाणीघराचं, धुण्याचं पाणी वेगळं, ही विभागणी विटाळाची नाही, जंतूंची आहे. लंगोट धुतलेलं पाणी न्हाणीत ओतलं की ते संडासाच्याच पाण्यासारखं झालं, ते तिकडेच गेलं पाहिजे. खरकट्याचं, तेलकट पाणी गाळणी बुजवतं, म्हणून तेही सरसकट सोडायचं नाही. साबणाचं पाणी सतत एकाच जागी पडलं तर माती चिवट होते. हे पाणी एक दिवसापेक्षा जास्त साठवायचं नाही, नाहीतर वास सुटतो. फवारायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी, पाचोळ्याखाली द्यायचं. कच्च्या खायच्या पालेभाजीला तर द्यायचंच नाही. यातलं नव्वद टक्के आपल्या बायकांना माहीत असतं, कारण धुणं, लंगोट आणि मोरी यांच्याशी गाठ त्यांचीच. पण नियम करणाऱ्या समितीत आणि सोसायटीच्या सभेत हे ज्ञान बोलत नाही. का बोलत नाही, तर लाजेने. प्रस्ताव शेवटी मंजूर झाला, मात्र तुळशीला आणि दूर्वांना नळाचं पाणी द्यायचं या अटीवर. मी ती अट मान्य केली. करायला नको होती असं आमच्या गटातल्या तरुण मुली म्हणतात. त्यांचं बरोबर असेल.

सोसायटीवाल्यांना आणखी एक गोष्ट मी सांगत असते. गच्चीचं पाणी जमिनीत जिरवा, पण ते गाळल्याशिवाय बोअरमध्ये सोडू नका, आणि मोरीचं पाणी तर बोअरच्या जवळपासही नको. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्याच्यात पाणी मुरतं ते भेगांमधून, आणि भेगेतून गेलेली घाण मातीतून गाळली जात नाही, ती शेजारच्याच्या विहिरीत निघते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडच्या भागात गुलेन बारे आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं. वस्तीतल्या कितीतरी बायका बोअरच्या पाण्यावर धुणंभांडी करतात. वरच्या सोसायटीने जमिनीत काय सोडलं ते त्यांना कोण सांगणार?

वस्तीत आम्ही काय केलं तेही सांगते. एका गल्लीत अकराजणी तयार झाल्या. चार इंची पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली, पत्र्याच्या कडेला तारेने बांधली, खाली दोनशे लिटरचं पिंप. दहा बाय बाराचा पत्रा म्हणजे ११ चौरस मीटर. एका दिवसात ३० मिलिमीटर पाऊस झाला तर दोनशे ऐंशी लिटर पाणी, म्हणजे पिंप भरून वाहतं. सगळा पावसाळा धरला तर साडेसहा हजार लिटर, पाचजणांच्या घराला ४० लिटरच्या हिशेबाने महिनाभराचं. त्याच ७०० मिलिमीटरचा हा हिशेब आहे. हे पाणी प्यायचं नाही, धुण्याला आणि संडासाला वापरायचं, असं आम्ही पहिल्या दिवसापासून सांगितलं. जे सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही, ते हे की या खेपा पावसाळ्यातल्याच वाचतात. उन्हाळ्याला याचा उपयोग नाही, कारण साठवायला जागाच नाही. एप्रिलमध्ये एकीने मला गाठून विचारलं, "तुमचं पाणी कुठाय?"

अकरातल्या चारजणींकडे पन्हळ टिकली. बाकीच्यांचं काय झालं? दोघी भाडेकरू होत्या, घरमालकाने पत्र्याला हात लावू दिला नाही. गल्ली साडेतीन फुटांची, एकीचं पिंप दुसरीच्या उंबऱ्यासमोर आलं आणि भांडण झालं. आणि तिघींना डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून दंडाची नोटीस आली. नळजोड नवऱ्याच्या नावाने, खोली सासऱ्याच्या नावाने, पण नोटीस मात्र दुपारी घरी सापडलेल्या बाईच्या नावाने फाडली! त्या घरात तिच्या नावावर आलेला तो पहिला सरकारी कागद. अळ्यांचा धोका खोटा नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंपाला घट्ट फडकं बांधायचं आणि आठवड्याला एकदा ते रिकामं करून आतून घासायचं. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. पण पाणी एक दिवसाआड येतं म्हणून पिंप भरून ठेवावं लागतं, हे त्या नोटिशीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा असते, मैल्याच्या टाक्या असतात. त्या कधीतरी तुंबतात, आणि मग कुणाला तरी आत उतरवलं जातं. हाताने मैला साफ करायला आणि अशा टाक्यांत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन मजूर मेले. त्यांच्या तीन विधवा उच्च न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी ही रक्कम ३० लाख केली. पाणी पुन्हा वापरायची सक्ती जितकी वाढेल तितक्या या टाक्या वाढतील. आमच्या सोसायटीने टाकी उपसायचं कंत्राट दिलं तेव्हा कोण उतरणार आणि कशाने, हे मी लेखी मागितलं. कंत्राटदाराने दर वाढवला. कमिटीत मला शिव्या बसल्या. पण यंत्र आलं.

आता करायचं काय, तर आज एवढंच करू. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून आणला आहे. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून दोन केले आहेत. एकात आपल्या प्रभागातल्या कोणत्या इमारती पावसाच्या पाण्यासाठी घरपट्टीत सवलत घेतात आणि त्यांची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारलं आहे. दुसऱ्यात, आपल्या वस्तीला माणशी किती लिटर पाणी दिलं जातं आणि ते कुठे मोजलं जातं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नको, नुसती कार्डाची प्रत जोडायची. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. अर्ज बाईच्या नावाने जाऊ दे, म्हणजे तिच्या नावाने दंडाशिवाय दुसराही कागद घरी येईल. मंगळवारी प्रभाग कार्यालयात कोण कोण येणार ते चहाच्या वेळी सांगा. आणि फळा पुसू नका, मागच्या बाकावरच्यांना पत्र्याचा हिशेब अजून उतरवून घ्यायचा आहे.